डब्बू पाटलाची कॅसेट

जळगाव, रविवार, १० ऑगस्ट १९९७

वैजयंता,

पत्र लिहू नकोस म्हणाली होतीस, म्हणून लिहितोय. 'नकोस' ऐकलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाकिटावर पाठवणाराचं नाव 'अक्का, जळगाव' असं टाकलंय. धुळ्याला देवपुरात तुझ्या आत्याच्या हातात पडलं तरी तिला वाटेल, कोणी म्हातारी पोरीची खुशाली विचारते आहे.

मी कसा आहे ते तू विचारणार नाहीस. झकास आहे. कॉलेज सोडल्याचा पस्तावा बिस्तावा काही नाही. प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला, म्हणाले, "माफी लिही आणि वर्गात जाऊन बस." मी त्या कागदाची घडी केली आणि त्यांच्याच टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. टेबल हलायचं थांबलं, मी बाहेर पडलो. आबा फैजपूरहून आले होते, म्हणाले, "आता केळीत चल." म्हटलं, नाही. आता लालचंदशेठच्या दुकानात आहे. पुढे सिनेमाच्या कॅसेटी, मागे दोन टीव्ही आणि गेम, सगळं तू पाहिलेलंच. फरक एवढाच की पूर्वी मी गिऱ्हाईक होतो, आता मालकाच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसतो.

रविवारी अकराला केबलवरचं कार्टून पाहायला अजून पन्नास माणसं जमतात. कार्टूनचा आवाज अजून मीच बंद करतो, कारण ते इंग्रजी कोणाच्या बापाला कळत नाही. डब्बू पाटील मी बोलतो, ते तर माझंच काम. चष्मेवाला गाढव, आपला मास्तर, त्याचंही मी निभावतो. पण पुलावरची अक्का, प्रश्न विचारून सोडणारी नाहीतर पुलावरून ढकलणारी, ती आली की गाडं अडतं. मागच्या रविवारी आवाज बारीक करून मी म्हटलं, "तू कोना पोऱ्या शे रे?" तर लोटन शिंपी मागून ओरडला, "जीवराम, अक्काले सर्दी झाली का?" अख्खं दुकान हसलं. अक्कानं हसवायचं असतं, अक्काला हसायचं नसतं, हे त्या येड्यांना कोण सांगणार?

ती बाई मुळात इंग्रजीत काय विचारते हे आपल्याला आजतागायत ठाऊक नाही. पहिल्याच रविवारी तू पिंपळनेरच्या तुझ्या आजीसारखी मान तिरकी करून अहिराणीत म्हणालीस, "तू कोना पोऱ्या शे रे?" आणि तिकडे पडद्यावर डब्बूची बोलती बंद. तलवार घरी विसरलेला, घोड्यावरून पडलेला, कशाकशाला न घाबरलेला माणूस, बापाचं नाव विचारल्यावर पांढराफटक. त्या दिवसापासून ते कार्टून त्या परदेशी लोकांचं राहिलंच नाही.

आणि आता त्याच्यावर गेम निघतोय. तूच ते कात्रण वाचून दाखवलंस. वहीचं पान फाडायला जीव खालीवर होणारी तू, लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकाचं पान फाडून आणलंस! म्हणालीस, यात नुसतं धडाधड मारायचं नाही. डब्बू व्हायचं नाहीतर मास्तर व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि काय बोलायचं ते आपण ठरवायचं. रोल प्लेइंग म्हणतात. "म्हणजे नाटकच की," म्हणालीस, "फक्त प्रेक्षकांनी करायचं."

दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी खडूनं मोठ्ठं लिहून ठेवलंय : डब्बू पाटलाची कॅसेट, दिवाळीत येत आहे.

तू ये असं म्हणत नाही. अक्का गेममध्ये असणार आणि तिला आवाज लागणार, एवढंच कळवतो.

डब्बू पाटील


जळगाव, सोमवार, ८ सप्टेंबर १९९७

वैजयंता,

उत्तर आलं नाही. मागितलंही नव्हतं.

इथे पोळा झाला, गणपती आले, पण फळ्यासमोरची गर्दी हटत नाही. गेम आल्यावर कोण आधी खेळणार यासाठी नंबर लावायची वही केलीय. पहिलं पान कोरं ठेवलंय. कोणासाठी ते लोटननं विचारलं. म्हटलं, "तू मापं घे, चौकशा नको करू." त्यानं डब्बूसारखा झगा शिवलाय, जांभळ्या साटिनचा. तो घालून खेळणार म्हणतो. म्हटलं, झगा टीव्हीतल्या डब्बूच्या अंगावर असतो, बटणं दाबणाऱ्याला कशाला? म्हणतो, "तू बनियनवर राजा होशील का?"

दुसऱ्या नंबरला भिकुबाई. दाराशी शेंगांची टोपली घेऊन बसते ती. तिला बटण कुठलं आणि गेम कुठला काही कळत नाही, पण रविवार एक चुकवत नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "भो, त्यामा मास्तरले पानी पाजता ई का?" दर भागात ते गाढव पाणी मागतं आणि दर भागात लोक त्याला विद्वान म्हणून हार घालतात, पाणी कोणी देत नाही, हे तिच्या मनाला फार लागलंय. म्हटलं, येईल. सगळं येईल. आपण ठरवायचं असतं त्यात.

सगळ्यात मोठं भांडण डाव्या रस्त्याचं. पिंपळाजवळ दोन वाटा फुटतात ना, आणि डब्बू दर वेळी उजवीकडे वळतो आणि मार खातो. डाव्या वाटेला काय आहे ते कार्टूनवाल्यानं कधी दाखवलं नाही. लोटन म्हणतो, तिकडे राजवाडा आहे. बँकेतले शालिग्रामभाऊ म्हणतात, काहीच नाही, चित्र काढायचा कंटाळा केलाय. परवा दोघं इतके हमरीतुमरीवर आले की शेठनं मेन स्विच बंद केला. मी सांगून टाकलं, गेम आला की पहिला मी डावीकडे जाणार, मग पुढे विहीर असो की वाघ.

शेठचा एकट्याचा विश्वास नाही. म्हणतात, "भाऊ, आपल्याकडे माणसं गोळ्या झाडायला येतात. बोलायला ज्याच्या त्याच्या घरी बायको आहे."

झिपरू भाऊ ओळखीचा आहे, आमच्या फैजपूरचा. केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातो. गेमच्या कॅसेटी आधी तिकडच्या बाजारात उतरतात म्हणे. येताना गाडी रिकामीच असते. त्याला सांगून ठेवलंय.

आणि हो. कॉलेजातला एक जण भेटला. म्हणाला, धुळ्याच्या स्पर्धेत तू अहिराणीत बोललीस आणि पहिली आलीस. मागून कोणी ओरडलं का? ओरडलं असेल तर नाव कळव.

नको कळवू.

डब्बू पाटील


जळगाव, सोमवार, ६ ऑक्टोबर १९९७

वैजयंता,

झिपरू आला. काल दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं खिशातून कॅसेट काढली, मी सगळ्यांसमोर कपाळाला लावली आणि गेमच्या डब्यात घातली. पडद्यावर काय आलं सांगू? नऊशे नव्याण्णव गेम. त्यातले चार खरे, बाकी त्याच चारांची वेगळी नावं. विमान, रणगाडा, बदक आणि उड्या मारणारा एक मिशीवाला.

मी झिपरूची कॉलर धरली. धरली म्हणजे नुसती धरली. तो म्हणाला, "मले काय म्हनतो? दिल्लीत पाच दुकानं पालथी घातली मी. म्हटलं, डब्बू पाटलाची कॅसेट दे. तो म्हने, कौन पाटील? म्हटलं, ज्याच्या गधड्याले चष्मा हाये तो. तर दुकानातले सारे हसाले लागले. एकानं मले पानी पाजलं, त्याले वाटलं ऊन लागलं याले."

आता यात झिपरूची चूक. एवढा मोठा माणूस, त्याला कळायला नको?

काय कळायला नको, ते मात्र मलाही लगेच सांगता आलं नाही. मग शालिग्रामभाऊ कान खाजवत म्हणाले, "जीवराम, कार्टूनचं खरं नाव काय रे?"

पन्नास माणसं, दोन वर्षं, दर रविवार, आणि एकालाही नाव ठाऊक नाही! केबलवाला सुरुवातीलाच त्या साड्यांच्या दुकानाची जाहिरात घुसवतो, ती संपेपर्यंत नावबिव सगळं येऊन गेलेलं असतं. आपल्याला कधी वाटलंच नाही की याला दुसरंही नाव असेल. पोरगं आपल्या अंगणात वाढलं, आपण हाक मारू तेच त्याचं नाव. दिल्लीला कोण ओळखणार त्याला?

खरं नाव त्या कात्रणावर आहे, पण वाचून दाखवताना तूही त्या जागी 'डब्बू पाटील'च म्हणालीस. कात्रण तुझ्याजवळ आहे.

मी ते मागत नाहीये. गैरसमज नको. ज्या मुलीनं 'आता माझं तोंड पाहू नकोस' म्हटलं तिच्याकडे मी कागदाचा कपटाही मागणार नाही. फक्त कळवतोय की दिवाळी चोवीस दिवसांवर आली, वहीत एकशे सव्वीस नावं झाली, लोटननं झग्याला जरीची किनार लावली, आणि भिकुबाईनं घरून एक पितळी गडवा आणून कपाटावर ठेवलाय. मास्तरसाठी. मी तिला सांगितलं, असं टीव्हीत पाणी ओतता येत नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमी काय ते बटन दाबा, पन पानी मना गडवामाधलं." म्हणजे बटणं मी दाबायची, पाणी तिच्या गडव्यातलं.

डब्बू पाटील


जळगाव, रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

वैजयंता,

पाकीट दिवाळीआधीच मिळालं. आत कात्रण, बाकी काही नाही. मी ते उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, पाकीट पाण्याच्या वाफेवर उकलून आतली बाजूही पाहिली. एक अक्षर नाही. ठीक आहे. तुझा हात पुरता आवळलेला आहे हे कळलं.

डिक्शनरी घेऊन बसलो आणि ओळ न ओळ लावली. कार्टूनचं खरं नाव वाचलं. मला आवडलं नाही. गेम कॉम्प्युटरवर चालणार आहे. म्हणजे शेठच्या डब्यात ती कॅसेट कधीच बसणार नाही. आणि तारीख ठरलेली नाही. कंपनी म्हणते, काम चालू आहे, वेळ लागेल.

दिवाळी हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही.

तू हे वाचून ओळखलं असशीलच, तरी मीच लिहितो. मला ते आधीपासून ठाऊक होतं. तू कात्रण वाचून दाखवलंस तेव्हाच म्हणाली होतीस, "कधी येईल ते दिलेलं नाही." दिवाळी मी घातली. जूनमध्ये तू दाखला काढून धुळ्याला गेलीस, आणि मला कशाचा तरी एक दिवस ठरलेला पाहिजे होता. मनाशी म्हटलं, दिवाळीपर्यंत येईल. काय येईल, ते तुला सांगायला नको. फळ्यावर गेमचं नाव घातलं, इतकंच. एकदा लिहिल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं. लोकांनी नंबर लावले तेव्हा तर अगदीच खरं.

पाडव्याला सगळे आले. लोटन झगा घालून. झिपरू भाऊ मुद्दाम फैजपूरहून. वही काखेत मारून मी स्टुलावर चढलो आणि सांगून टाकलं. तारीख खोटी, मी ठोकलेली. गेम येईल, पण कधी ते कोणाला माहीत नाही, आणि आला तरी या डब्यात चालणार नाही.

मार पडेल असं वाटलं होतं. पडला असता तर बरं झालं असतं. लोटन नुसता झग्याच्या जरीवरून हात फिरवत राहिला. शालिग्रामभाऊ म्हणाले, "तरी मी म्हणत होतो," आणि ते तर काहीच म्हणत नव्हते. झिपरू म्हणाला, "आन माही कॉलर धरली होती यानं." शेठ गल्ल्यामागून म्हणाले, "फळा पुसून टाक, भाऊ." म्हटलं, पुसणार नाही. खालची तारीख पुसतो, वरचं नाव राहणार. येणार म्हणजे येणार. दहा वर्षं लागू देत. या गावात दुसरं कोणी वाट पाहणारं नसलं तर मी एकटा पाहीन.

तेव्हा भिकुबाई दारातून म्हणाली, "मंग आते काय? मास्तर तसाच तिसना का?"

मास्तर तहानलेलाच राहणार का, विचारत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. पण लोटन उठला. खिशातला शिंप्याचा खडू काढला आणि फरशीवर रेघ ओढली. पिंपळ काढला, दोन वाटा काढल्या. बाकडं आडवं टाकलं, तो पूल. म्हणाला, "वैजयंताताई काय म्हणाली होती? प्रेक्षकांनी करायचं नाटक ना? मग बटणं कशाला पाहिजेत?"

वैजयंता, आम्ही खेळलो! कॉम्प्युटर नाही, कॅसेट नाही. कवड्या टाकायच्या, पडतील तितकी पावलं टाकायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मास्तर कोण झालं असेल? चष्मा एकाच माणसाला होता. लालचंदशेठ "नाही हो, नाही हो" करत गल्ल्यावरून उतरले आणि दोन हात डोक्याला लावून कान केले. भिकुबाईनं त्यांना गडव्यातलं पाणी पाजलं, शेवटच्या थेंबापर्यंत. शेठ प्यायले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाढवाला पाणी मिळालं, आणि टाळ्या अशा पडल्या की शेजारचा सायकलवाला धावत आला.

पिंपळाशी मी डावीकडे वळलो. सांगितलंच होतं तसं.

डावीकडे काय असतं ठाऊक आहे? तोच पूल. लोटननं तसं काढलं होतं, दोन्ही वाटा पुलावरच येतात. बाकड्यावर अक्का म्हणून भिकुबाई बसली होती. मला वाटलं आता गंमत येणार. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "तू कोना पोऱ्या शे रे?"

मी डब्बूसारखं म्हटलं, "मी डब्बू पाटील!"

"ते नको. तू काय करेल शे, ते सांग."

मी काय केलंय ते. तेवढी माणसं थांबलेली. मी आलो त्या वाटेनं परत गेलो.

आज सही करत नाही.


जळगाव, सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७

वैजयंता,

प्राचार्यांना जे लिहिलं नाही ते तुलाही लिहिणार नाही. तो शब्द माझ्या पेनातून उतरत नाही, उगाच वाट पाहू नकोस. पण काय केलं ते सांगतो.

गॅदरिंगला तू स्टेजवर अक्का करत होतीस. मागून तो पोरगा ओरडला, "ए, खेड्यातली, मराठीत बोल!" मी खुर्ची उचलून त्याच्यावर धावलो, पडदा पडला, तुझं काम अर्ध्यावर राहिलं. वर्षभर मी सगळ्यांना सांगतोय, मी वैजयंतासाठी मारामारी केली, वैजयंतासाठी कॉलेज सोडलं.

मी पाहिलं होतं. खुर्ची उचलायच्या आधी मी स्टेजकडे पाहिलं होतं. तू मान तिरकी केली होतीस. तोंड उघडलं होतंस. त्याला उत्तर द्यायला अक्का तयार होती, आणि ते उत्तर असं असतं की त्या पोराला कॉलेज संपेपर्यंत तोंड लपवावं लागलं असतं. हॉल तुझ्या मुठीत आला असता. मला ते दिसलं, आणि तरी मी धावलो, कारण मला वाटलं की तुझ्या बाजूनं उभं राहणारा एक मी दिसलो पाहिजे. त्या पोरानं तुला नुसतं टोकलं. तुझा आवाज बंद मी केला. कार्टूनचा करतो तसा, बटण पिरगाळून. आणि वरून तुझ्या तोंडचं मीच बोलत बसलो.

आता ऐक. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता मी धुळ्याला पांझरेच्या पुलावर येतोय. पहिल्यांदाच कार्टून चुकवणार आहे. डब्बू लोटन बोलेल, अक्काच्या वेळी गप्प बसायचं असं सगळ्यांना बजावलंय. मी शहराच्या बाजूला उभा राहीन. देवपूरच्या बाजूला पाऊल टाकणार नाही, तू विचारल्याशिवाय. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, तासभर थांबेन आणि मिळेल त्या गाडीनं परत येईन. नाक मुठीत धरून नाही, तसाच, ताठ. आलीस तर जे विचारायचं ते विचार. सोडायचं की पुलावरून ढकलायचं ते नेहमीसारखं पुलावरच्या बाईनं ठरवायचं. नदीला सध्या पाणी फार नाही, हे मी चौकशी करून ठेवलंय.

गेम येईल. फळ्यावर नाव तसंच आहे, तारखेची जागा कोरी. नंबराच्या वहीचं पहिलं पानही अजून कोरंच आहे. त्यावर नाव घालायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी तुझ्या वतीनं घालणार नाही.

या खेपेला पाकिटावर पाठवणाराच्या जागी अक्का नाही. खाली सही केलीय तेच नाव आहे, बापाच्या नावासकट, गावासकट. आत्या विचारेल, कोणाचं पोरगं आहे हे. तिला पाकीट वाचू दे.

जीवराम तोताराम बोंडे
राहणार फैजपूर